बाजेवरच्या माणसांसाठी अर्थसंकल्पात काय आहे? मराठवाड्यातील 46 आमदारांना खुले पत्र

प्रति,
मराठवाड्यातील सर्व सन्माननीय विधानसभा सदस्य,

विषय : अंथरुणाला खिळलेल्या आणि दुसऱ्याच्या आधाराशिवाय दैनंदिन व्यवहार करू न शकणाऱ्या वृद्धांच्या दीर्घकालीन शुश्रूषेसाठी स्वतंत्र तरतूद करण्याबाबत.

सन्माननीय सदस्यहो,

हे पत्र एखाद्या खात्याच्या मंत्र्यांना न लिहिता आपणा सर्वांना लिहिण्याचे कारण आधी सांगते. परावलंबी वृद्धांचा प्रश्न घेऊन सामाजिक न्याय विभागाकडे गेले की हा आजारपणाचा विषय आहे, आरोग्य विभागाकडे जा, असे सांगितले जाते. आरोग्य विभागात गेले की औषधोपचार आमच्याकडे, सांभाळ आमच्याकडे येत नाही, असे उत्तर मिळते. ग्रामपंचायतीत विचारावे तर ग्रामसेवक खर्चाची वही उघडून दाखवतात आणि त्या वहीत या कामाला रकानाच नसतो. ही सगळी खाती एकत्र येतात ती फक्त विधिमंडळात, अर्थसंकल्पी अधिवेशनात, जेव्हा त्यांच्या मागण्या आपल्यासमोर मंजुरीसाठी ठेवल्या जातात. त्या मंजूर करणारे हात आपले आहेत, त्यामुळे विचारणाही आपल्यालाच करावी लागते.

मी बीड जिल्ह्यातील केज तालुक्यातील निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. माझ्या सासूबाईंना काही वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि तेव्हापासून त्यांचे उठणे, बसणे, कुशीवर वळणे, सारे काही आमच्या हातांवर आहे. मी स्वतः साठी ओलांडली आहे, माझ्या यजमानांचे गुडघे गेले आहेत, आणि अशा दोन म्हाताऱ्यांनी मिळून तिसऱ्या म्हातारीला उचलायचे अशी आमच्या घरची स्थिती आहे. तरीही आमचे बरे चालले आहे असेच मी म्हणेन, कारण घरात निवृत्तिवेतन येते. माझ्या गल्लीत आणि शेजारच्या तांड्यावर ज्यांच्याकडे ते येत नाही, त्यांच्या घरांत काय चालते हे मी रोज पाहते. हे पत्र मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

राज्याने अलीकडे ज्येष्ठांसाठी जे जे केले ते ओळीने मांडून पाहावे. ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरील व्यक्तींना एसटीचा प्रवास मोफत झाला, 65 ते 75 या वयोगटाला निम्मे तिकीट आहे. 2024 मध्ये मुख्यमंत्री तीर्थ दर्शन योजना आली आणि एका यात्रेकरूसाठी कमाल 30,000 रुपयांची तरतूद ठरली. त्याच वर्षी मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, कमोड खुर्ची असे साहित्य घेण्यासाठी 65 वर्षांवरील गरजू व्यक्तींच्या खात्यात एकदाच 3,000 रुपये जमा करण्याचे ठरले. यांतल्या एकाही योजनेला माझा विरोध नाही. आमच्या गावची माणसे एसटीने पंढरपूरला आणि तुळजापूरला जाऊन येतात, त्याचा मला आनंदच आहे. पण ज्याला बसथांब्यापर्यंत जाता येते त्याच्यासाठी प्रवास, ज्याला डोंगर चढवतो त्याच्यासाठी यात्रा, आणि ज्याला घरातल्या घरात मोरीपर्यंतही जाता येत नाही त्याच्यासाठी एकदाच तीन हजार, असा हा क्रम आहे. शरीर जितके खचत जाते तितका शासनाचा हात आखडत जातो. यात्रेसाठी ठरलेली ती कमाल रक्कम म्हणजे एका निराधार वृद्धाचे, दरमहा 1,500 रुपयांप्रमाणे, वीस महिन्यांचे अनुदान होते, एवढा हिशोब तरी सभागृहात कोणीतरी मांडायला हवा होता.

माझे पहिले गाऱ्हाणे असे की, या माणसांची मोजणीच नाही. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात 60 वर्षांवरील लोकसंख्या 9.9 टक्के, म्हणजे सुमारे 1 कोटी 11 लाख होती. त्यानंतर 2021 ची जनगणना लांबली, त्यामुळे आजचा नेमका आकडा कोणाजवळ नाही. 2017-18 मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केंद्राच्या आरोग्य मंत्रालयासाठी वृद्धत्वाचे देशव्यापी सर्वेक्षण केले. त्यात 60 वर्षांवरील जवळपास एक चतुर्थांश व्यक्तींना आंघोळ, कपडे घालणे, जेवणे, चालणे, अंथरुणातून उठणे किंवा शौचाला जाणे यांपैकी किमान एका कामात अडचण असल्याचे आढळले. याच प्रमाणाने दोन हजार वस्तीच्या गावाचा हिशोब केला तर दोनशेच्या आसपास वृद्ध आणि त्यांत पन्नास जणांना कमी-अधिक आधाराची गरज, असे चित्र निघते. पूर्णपणे बाजेवर असलेली माणसे त्यांतही थोडी असतात. ती कोणाच्या घरी आहेत हे गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक असते, फक्त पंचायत समितीच्या दप्तरात त्यांची नोंद नसते. आशाताई घरोघरी जाऊन रक्तदाब आणि साखरेचे अर्ज भरतात, त्या अर्जात वृद्धांविषयीचे प्रश्नही असतात. ती माहिती पुढे कोठे जाते आणि तिच्यावरून काय ठरते, हे आमच्या भागातल्या एकाही आशाताईला सांगता आलेले नाही. माहिती गोळा करणाऱ्या बाईलाच तिचा उपयोग माहीत नसेल तर ती व्यवस्था कोणासाठी आहे?

दुसरे गाऱ्हाणे अनुदानाचे. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेचे अनुदान जुलै 2023 पासून दरमहा 1,500 रुपये झाले, म्हणजे दिवसाला 50 रुपये. इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ योजनेत केंद्राचा वाटा 80 वर्षांखालील व्यक्तींसाठी 2007 पासून महिना 200 रुपयांवरच थांबला आहे. या मधल्या काळात खासदार आणि आमदारांच्या वेतनात वाढ झाली, आम्हा शिक्षकांचे वेतन आयोग झाले, त्या 200 रुपयांकडे मात्र कोणी वळून पाहिले नाही. शिवाय श्रावणबाळसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असावे लागते. महाराष्ट्रात 2025-26 साठी रोजगार हमीचा दर दिवसाला 312 रुपये होता. त्या दराने घरातल्या एकाच माणसाने 68 दिवस काम केले की ही मर्यादा ओलांडली जाते. म्हणजे कागदोपत्री पात्र ठरायचे तर एक तर घरात कोणी कामाला जाता कामा नये, किंवा सेतू केंद्रावरून खोटा दाखला काढावा लागतो. कष्टाळू कुटुंबाला खोटे बोलायला लावणारी ही मर्यादा आजवर बदलली जाऊ नये, याचे मला आश्चर्य वाटते.

दिव्यांग लाभार्थ्यांचे अनुदान 2025 मध्ये 2,500 रुपये करण्यात आले, ते योग्यच झाले. ज्या म्हातारीचे अर्धे अंग गेले आहे ती कोणत्याही अर्थाने दिव्यांगच आहे. पण तिला तसे प्रमाणपत्र हवे असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणीसाठी हजर राहावे लागते आणि त्यासाठी पडलेल्या माणसाला शंभर किलोमीटर नेण्या-आणण्याचा खर्च घरच्यांनी उचलावा लागतो. अनुदान सुरू ठेवण्यासाठी दरवर्षी हयातीचा पुरावा द्यावा लागतो, तिथेही हीच तऱ्हा आहे. आमच्या ओळखीच्या एका आजींना त्यांच्या मुलाने छोट्या हत्तीत गादी टाकून कार्यालयात नेले. आयुष्यभर खुरपणी आणि सडा-सारवण केलेल्या त्या बोटांवरच्या रेषा यंत्राने ओळखल्या नाहीत, आणि आजी समोर गाडीत दिसत असतानाही पुन्हा केव्हातरी या असे सांगून त्यांना परत पाठवण्यात आले. त्या कर्मचाऱ्यावर माझा राग नाही. यंत्राने नाकारले तर दुसरा मार्ग कोणता, हे त्याला कोणी लिहून दिलेले नव्हते.

तिसरे गाऱ्हाणे आरोग्यसेवेचे. ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्नाची अट न लावता, वय वंदना कार्डावर वर्षाला कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. ही मोठी सोय आहे आणि तिचा लाभ घेतलेली माणसे माझ्या परिचयाची आहेत. मात्र हे कार्ड दवाखान्यात भरती असेपर्यंत कामाला येते. अर्धांगवायू, मोडलेले खुब्याचे हाड, विसरभोळेपणाच्या पुढे गेलेला स्मृतिभ्रंश, कंपवात, या दुखण्यांत भरतीचे दिवस थोडे आणि घरचे दिवस कित्येक वर्षांचे असतात. सासूबाईंना सुट्टी मिळाली तेव्हा नाकात नळी होती, लघवीला नळी होती आणि कागदावर व्यायाम चालू ठेवा एवढे लिहिलेले होते. नळीतून किती पातळ आणि किती वेळाने द्यायचे, ती केव्हा बदलायची, दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतात, यांतले काहीही आम्हाला कोणी करून दाखवले नाही. डायपर, हवेची गादी, मलमपट्टी, नळी बदलायला येणाऱ्या खासगी कंपाउंडरचे पैसे, तालुक्याहून येणाऱ्या फिजिओथेरपिस्टची फी यांतला एक रुपयाही कोणत्या कार्डात बसत नाही. पाच लाखांचे कार्ड उशाशी असताना पाठीच्या जखमेसाठी चांदीची जोडवी मोडणारी घरे मी पाहिली आहेत.

विशेष म्हणजे हे सगळे व्हावे असे शासनानेच लिहून ठेवले आहे. 2010-11 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य सेवा कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वृद्ध कक्ष, ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर फिजिओथेरपीची सोय, प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा वृद्धांसाठी बाह्यरुग्ण तपासणी आणि उपकेंद्राच्या कर्मचाऱ्यांनी अंथरुणावरच्या रुग्णांना घरी जाऊन भेटी द्याव्यात, अशी साखळी आखलेली आहे. पुढे आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांतही वृद्धसेवा आणि वेदनाशामक सेवा घालण्यात आल्या. आमच्या भागात या साखळीची जी कडी मला दिसली ती भिंतीवर रंगवलेली आहे. जागा मंजूर असतात, त्यांवर माणूस नसतो. माणूस असला तर त्याच्याकडे लसीकरणापासून ऑनलाइन नोंदींपर्यंत इतकी कामे असतात की घरभेट ही सर्वांत शेवटी येणारी आणि सर्वांत आधी वगळली जाणारी गोष्ट होते.

आता मी ज्या गाऱ्हाण्यासाठी मुळात लेखणी उचलली त्याकडे येते. ते पुण्या-मुंबईत बसून लिहिलेल्या ज्येष्ठ नागरिक धोरणांत सापडणार नाही, कारण ते बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातले आहे.

दसरा-दिवाळीनंतर केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतली गावेच्या गावे ऊसतोडीसाठी साखर कारखान्याला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. या काळात गावात मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि त्यांच्या भरवशावर ठेवलेली नातवंडे. आपल्यापैकी अनेकांचे मतदारसंघ असेच आहेत, तेव्हा कोयता म्हणजे काय हे मी समजावून सांगण्याची गरज नाही. पण त्याचा वृद्धांच्या सांभाळाशी असलेला संबंध सभागृहात कधी मांडला गेल्याचे माझ्या ऐकिवात नाही, म्हणून तो मांडते. मजूर नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती नवरा-बायकोच्या जोडीला, आणि या जोडीलाच एक कोयता म्हणतात. घरात सासू किंवा सासरा बाजेवर असेल आणि त्यांच्यासाठी सून मागे राहिली तर नवरा अर्धा कोयता ठरतो, त्याची उचल निम्म्यावर येते, आणि निम्म्या उचलीत मागची फेड, मुलीचे लग्न आणि दवाखाना यांतले काहीच भागत नाही. दोघेही गेले तर उचल पूर्ण मिळते, पण म्हातारी एकटी पडते. मग तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या आणि झाकून ठेवलेली भाकरी, सकाळ-संध्याकाळ डोकावण्याची शेजारणीला केलेली विनंती, आणि दहा-अकरा वर्षांच्या नातीवर टाकलेली सगळी जबाबदारी, अशी व्यवस्था लागते. त्या नातीला आजीचे डायपर बदलावे लागतात आणि त्या दिवशी ती शाळेत येत नाही. मी तीस वर्षांहून अधिक काळ हजेरीपट घेतला आहे. हंगामात मुलींच्या नावापुढे पडणाऱ्या गैरहजेरीचे एक कारण हेही आहे, हे मी जबाबदारीने सांगते.

या कुटुंबांना मुले नालायक निघाली असे म्हणता येईल का? आईला टाकून जाताना त्यांचे काय होते ते गाड्या भरण्याच्या दिवशी गावात येऊन पाहावे. कर्ज आणि आई यांतले एक निवडायला लावणारी ही परिस्थिती त्यांनी निर्माण केलेली नाही.

स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठी शासनाने हंगामी वसतिगृहांची योजना आणली. गावातल्या शाळेतच मुलांच्या जेवणाची आणि देखरेखीची सोय करून आई-बापांच्या मागे राहिलेल्या मुलांचा भार उचलण्याचे तत्त्व शासनाने मान्य केले. दहा वर्षांच्या मुलाबाबत जे मान्य केले ते पंचाहत्तर वर्षांच्या त्याच्या आजीबाबत मान्य करायला अडचण कोणती, याचे उत्तर मला आपल्याकडून हवे आहे. उलट अनेक ठिकाणी वसतिगृहाला पर्याय म्हणून मुलांना आजी-आजोबांकडेच ठेवले जाते, म्हणजे शासनाच्या लेखी ती आजी सांभाळ करणारी आहे, तिला सांभाळावे लागते हे कोणी विचारातच घेतलेले नाही. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून उसावर प्रतिटन 10 रुपये घेण्याचा निर्णय शासनाने केला. त्या पैशातून मुलांची वसतिगृहे व्हावीत हे उत्तमच, पण त्याच घरातल्या वृद्धांसाठी एखादा हिस्सा राखून ठेवण्याचा विचार अजून झालेला नाही.

सांभाळ करणाऱ्या बाईबद्दलही दोन शब्द लिहिणे भाग आहे. वृद्धांची सेवा हा आपला संस्कार आहे, असे व्यासपीठावरून सांगताना पुंडलिकाचा दाखला हमखास दिला जातो, आणि योजनेला तर श्रावणबाळाचेच नाव आहे. प्रत्यक्षात कावड सुनेच्या खांद्यावर असते. तिची रोजंदारी बुडते, बचत गटाची बैठक चुकते, माहेरचे कार्य चुकते, कंबर धरते, आणि या कशाचीच कोठे नोंद होत नाही. लाडकी बहीण योजनेत ती बसत असेल तर तिला वयाच्या 65 वर्षांपर्यंत दरमहा 1,500 रुपये मिळतात, पण ते ती करत असलेल्या शुश्रूषेसाठी नसतात. घरी बाई ठेवून सेवा करून घ्यायची म्हटले तर छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्यातल्या संस्था जे दर सांगतात ते आमच्यासारख्या निवृत्तिवेतनधारकांनाही जड जातात. आणि ते दर मोजायची तयारी असली तरी खेड्यात यायला कोणी राजी नसते.

कायद्याबद्दल थोडक्यात लिहिते. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण अधिनियम 2007 मध्ये आला. त्यातील निर्वाहभत्त्याची मर्यादा महिना 10,000 रुपये आहे आणि दाद उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे मागता येते. ज्यांची मुले सुस्थितीत असून सांभाळत नाहीत, ज्यांच्याकडून जमीन लिहून घेऊन त्यांना बाहेर काढले गेले, त्यांच्यासाठी हा कायदा मोलाचा आहे. पण जो मुलगा स्वतःच उचल फेडतो आहे त्याच्यावर आदेश काढून म्हातारीच्या हाती काय येणार? याच कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार वृद्धांची सोय असलेले वृद्धाश्रम शासनाने उभारण्याची आणि जिल्हा रुग्णालयात वृद्ध रुग्णांसाठी राखीव सुविधांची कल्पना आहे. 2019 मध्ये लोकसभेत मांडलेल्या सुधारणा विधेयकात तर वृद्धांच्या घरच्या शुश्रूषेचाही समावेश होता. ते विधेयक मंजूर झाले नाही. ज्येष्ठांसाठीच्या कायद्यातली मुलांवरची कलमे तेवढी चालू राहिली आणि शासनावरची कलमे मागे पडली, असा माझा निष्कर्ष आहे.

यावर पैसा कोठून आणायचा, हा प्रश्न आपण विचाराल हे मला ठाऊक आहे. मी त्याला आधीच उत्तर देऊन ठेवते. केरळने 2008 मध्ये वेदनाशामक सेवेचे धोरण जाहीर केले आणि घरी जाऊन शुश्रूषा करण्याचे काम पंचायतींकडे दिले. त्याची सुरुवात मलप्पुरम जिल्ह्यात गावकऱ्यांनीच उभ्या केलेल्या गटांतून झाली होती. तिथे अंथरुणावरच्या रुग्णाची काळजी घेणाऱ्या व्यक्तीला आश्वासकिरणम योजनेतून दरमहा 600 रुपये देण्याची पद्धत आहे. रक्कम लहान आहे, पण घरात होणारे हे काम म्हणजे काम आहे हे तिथल्या शासनाने मान्य केले. तामिळनाडूने ऑगस्ट 2021 मध्ये घरोघरी औषधोपचार नेणारी योजना सुरू केली आणि त्यात फिजिओथेरपी व वेदनाशामक सेवाही घरपोच ठेवली. या दोन्ही राज्यांची एकूण अर्थव्यवस्था महाराष्ट्रापेक्षा लहान आहे. आणि मनुष्यबळाचे म्हणाल तर अंबाजोगाई, लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर या जुन्या ठिकाणांबरोबर धाराशिव, परभणी, जालना आणि हिंगोली येथेही आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत असे महाविद्यालय असताना गावातल्या बारावी झालेल्या मुलीला काही महिन्यांचे शुश्रूषेचे शिक्षण देणे अशक्य आहे, हे मला पटत नाही. मराठवाड्याचा अनुशेष आजवर सिंचनात, रस्त्यांत आणि विजेत मोजला गेला. मराठवाडा वैधानिक विकास मंडळाची मुदत एप्रिल 2020 मध्ये संपल्यापासून तेवढेही मोजणारे कोणी उरलेले नाही.

आपल्या स्थानिक विकास निधीतून, जो वर्षाला 5 कोटी रुपये आहे, आमच्या भागात बरेच सभामंडप झाले. भजनाला बसायला जागा लागते, तेव्हा त्याविरुद्ध मी बोलणार नाही. पण एका सभामंडपाच्या खर्चात तालुक्यातल्या प्रत्येक आरोग्य केंद्रात वरखाली होणाऱ्या खाटा, हवेच्या गाद्या आणि चाकांच्या खुर्च्या ठेवता आल्या असत्या, असे मला राहून राहून वाटते.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

एक, येत्या अर्थसंकल्पात परावलंबी वृद्धांच्या घरपोच शुश्रूषेसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे आणि त्यातली रक्कम जिल्हानिहाय प्रसिद्ध करावी. इतर योजनांच्या बेरजेत ती मिसळू नये.

दोन, दसऱ्यापूर्वी, म्हणजे गाड्या कारखान्याला निघण्याआधी, प्रत्येक गावात अंथरुणावरच्या आणि आधारावर जगणाऱ्या वृद्धांची यादी तयार करावी व ती ग्रामसभेपुढे ठेवावी. हे काम आशाताईंकडे द्यायचे असेल तर त्याचा वेगळा मोबदला द्यावा. त्यांच्या पाठीवर आणखी एक फुकटचे ओझे टाकून ज्येष्ठांचे भले होणार नाही.

तीन, प्रत्येक आरोग्य उपकेंद्रामागे किमान एक प्रशिक्षित शुश्रूषा सेविका नियमित मानधनावर नेमावी. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी घरी जाणे, कूस बदलणे, जखम धुणे, नळीची निगा आणि घरच्यांना हे सारे शिकवणे, हे तिचे काम असावे. फिजिओथेरपिस्टची घरभेट महिन्यातून किमान दोनदा व्हावी.

चार, जिथून हंगामी स्थलांतर होते त्या सर्व गावांत मुलांच्या वसतिगृहाला जोडून वृद्धांसाठी हंगामी आधार केंद्र सुरू करावे. दोन वेळचे शिजवलेले अन्न, दिवसभराची सोबत आणि जे बाजेवर आहेत त्यांच्यासाठी घरी डबा व सेविका, एवढे त्यात असावे. त्यासाठी ऊसतोड महामंडळाच्या निधीतला हिस्सा ठरवून द्यावा आणि कारखान्यांनाही त्यात सहभागी करून घ्यावे. माझी ही मागणी बाकी सर्वांच्या आधी विचारात घ्यावी, अशी विनंती आहे.

पाच, 21,000 रुपयांची उत्पन्न मर्यादा रद्द करून ती वास्तवाला धरून ठरवावी, अनुदान महागाईशी जोडावे, आणि अंथरुणावरच्या वृद्धाला दिव्यांग लाभार्थ्याइतके अनुदान वैद्यकीय अधिकाऱ्याच्या घरभेटीतील दाखल्यावर मिळावे. जिल्ह्याला नेण्याची सक्ती नसावी. केंद्राचा 200 रुपयांचा वाटा वाढवण्यासाठी विधिमंडळाने एकमताने ठराव करून पाठवावा.

सहा, हयातीची पडताळणी तलाठी, ग्रामसेवक किंवा अंगणवाडी सेविकेने घरी येऊन करावी. अंगठा उमटला नाही म्हणून कोणाचेही अनुदान थांबवता येणार नाही, असा लेखी आदेश काढावा.

सात, कुटुंबात परावलंबी वृद्धाची पूर्णवेळ शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीला मासिक भत्ता द्यावा, आणि तो अन्य कोणत्याही योजनेचा लाभ कापून देऊ नये.

आठ, एकदाच 3,000 रुपये देण्यापेक्षा प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात साहित्याचे भांडार असावे, जिथून खाट, गादी, खुर्ची गरज असेपर्यंत नेता येईल आणि गरज संपल्यावर दुसऱ्याला देता येईल. आमदार निधीच्या नियमांत यासाठी बदल लागत असेल तर तो करून घेणे आपल्याच हातात आहे.

ज्यांना खरोखरच कोणी नाही त्यांच्यासाठी कायद्यात सांगितलेले जिल्हा वृद्धाश्रम, तेही परिचारिकांसह, उभे राहावेत ही मागणी जुनीच आहे. ती इथे पुन्हा नोंदवून ठेवते.

या पत्राला मला व्यक्तिगत उत्तर नको आहे, आणि माझ्या घरच्यासाठी काही सोय करून देण्याचा निरोपही नको. आपल्यापैकी प्रत्येकाने येत्या अधिवेशनात या विषयावर किमान एक प्रश्न विचारावा किंवा आपल्या पक्षाची भूमिका सभागृहात मांडावी, म्हणजे ती कामकाजाच्या नोंदीत येईल. अधिवेशन संपल्यावर 46 सदस्यांपैकी कोणी काय विचारले याची यादी आम्ही काही निवृत्त शिक्षक आणि आमच्या गावचे बचत गट मिळून काढणार आहोत आणि ती ग्रामसभेत वाचून दाखवणार आहोत.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
तालुका केज, जिल्हा बीड